सीतेच्या वेणीला माती लागत नाही

लग्नाचा हंगाम सुरू झाला की आमच्या नाक्यावरच्या फुलवाल्याकडे जांभळ्या-पांढऱ्या फुलांच्या लांब दांड्या येऊन पडतात. गुच्छात त्याच, स्टेजच्या मागच्या पडद्यावर त्याच, सत्काराच्या टेबलावरही त्याच. दांडीच्या टोकाला पाण्याची इवलीशी प्लास्टिकची नळी खोचलेली असते. मी एकदा विचारलं, "ही फुलं येतात कुठून हो?" तो म्हणाला, "बँकॉकहून, विमानानं. ऑर्किड आहे ते साहेब. आपल्याकडे नाही होत."

मी पैसे दिले आणि निघालो, पण त्याचं शेवटचं वाक्य मनात खुपत राहिलं.

माझ्या आजोळी, चिपळूणच्या बाजूला, परसात रायवळ आंब्याचं एक जुनं झाड होतं. मे महिना सरत आला, वळवाच्या एकदोन सरी पडून गेल्या की त्याच्या खोडावरून गुलाबी-पांढऱ्या फुलांचे घोस लोंबू लागत. हातभर लांब, गच्च विणलेले. आजी त्याला सीतेची वेणी म्हणायची. घर मुसलमानाचं, पण त्या फुलाला दुसरं काही नाव असू शकतं हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नाही. मामूला मात्र ते झाडाला लागलेलं बांडगूळ वाटे. आंब्याचा रस पितंय, झाड वाळवून टाकील, असं म्हणत तो दर वर्षी कोयता घेऊन निघे आणि आजी दर वर्षी आडवी येई. ही सीतेची वेणी म्हणजेच ऑर्किड, हे मला फार उशिरा कळलं. ऑर्किडला मराठीत 'आमरी' असा सुरेख शब्द आहे, तो तर त्याहून उशिरा.

मामूची चूक आहे ती फार जुनी आणि फार मोठ्या माणसांनीही केलेली. आमरीतल्या एका कुळाला जगभर 'व्हँडा' म्हणतात. हा शब्द आपला, संस्कृतातला 'वंदा'. कोलकात्याचे न्यायाधीश आणि संस्कृतचे पंडित सर विल्यम जोन्स यांनी भारतीय वनस्पतींवर लिहिलेल्या टिपणांत तो वापरला. ती टिपणं त्यांच्या मृत्यूनंतर १७९५ साली छापली गेली. आता वंदा म्हणजे काय? झाडावर वाढणारं ते, म्हणजे बांडगूळसुद्धा त्यात आलंच! खरं बांडगूळ फांदीच्या आत मुळं घुसवून झाडाचा रस ओढतं. आमरी झाडावर फक्त बसते. सालीला मुळांनी धरून राहायचं, पावसाचं पाणी आणि फांदीवरच्या पाचोळ्याचं सत्त्व घ्यायचं, बाकी हवेवर जगायचं. त्या झाडाकडे ती जागेशिवाय काही मागत नाही. आजीला हे शास्त्र ठाऊक नव्हतं, पण न्याय तिनं बरोबर केला होता.

जोन्ससाहेबांच्याही आधी, १६७८ ते १६९३ या काळात, ॲमस्टरडॅममध्ये 'हॉर्टस मलाबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ छापला गेला. कोचीनचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड यानं तो करवून घेतला. त्यात मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन यांच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोकणी वैद्य होते आणि त्यांचं नागरी लिपीतलं प्रशस्तिपत्रही त्यात छापलेलं आहे. या ग्रंथाच्या शेवटच्या खंडात आमरींची चित्रं आहेत. आमच्या आंब्यावरच्या सीतेच्या वेणीला पुढं १७५३ साली लिनियसनं लॅटिन नाव दिलं, ते या ग्रंथातल्या चित्राच्या आधारानं. म्हणजे युरोपला ही फुलं कागदावर आधी भेटली आणि हातात नंतर आली. हातात आली तेव्हा काय झालं, ते पुढं सांगतो. त्याआधी चीनला जाऊन यायला हवं, कारण आमरी घरात लावून तिच्याशी नातं जोडण्याची हौस तिथली सर्वांत जुनी.

चिनी माणसाची आमरी आपल्या लग्नातल्या आमरीसारखी भडक नसते. तिला ते 'लान' म्हणतात. गवतासारखी लांब बारीक पानं, फिकट हिरवट लहानसं फूल, आणि सुगंध मात्र असा की दार उघडताच कळावा. ही जात जमिनीत वाढणारी, म्हणून कुंडीत रमते. कन्फ्यूशियसच्या परंपरेत ती सज्जनाची खूण मानली गेली: रानात कुणी बघणारं नसलं तरी दरवळायचं. १२३३ साली झाओ शिगेंग यानं खास लान कशी वाढवावी यावर पुस्तक लिहिलं. जाती कोणत्या, पाणी कधी घालावं, माती कशी असावी, असं सगळं त्यात आहे. आमरीवर स्वतंत्र लिहिलेलं जगातलं सर्वांत जुनं पुस्तक म्हणून त्याचा मान आहे. आपल्याकडे तेव्हा देवगिरीला यादवांचं राज्य होतं आणि ज्ञानेश्वरांचा जन्म व्हायचा होता.

त्याच शतकात मंगोलांनी चीनचं सोंग राज्य बुडवलं. झेंग सिशियाओ नावाचा एक कवी-चित्रकार होता. त्यानं नव्या राजवटीपुढे मान तुकवली नाही. तो आयुष्यभर शाईनं लानची चित्रं काढत राहिला. त्याचं १३०६ सालचं एक चित्र आज जपानमध्ये ओसाकाच्या संग्रहालयात आहे. थोडी पानं, एक फूल, आणि खाली काहीच नाही. जमीन रंगवलेलीच नाही. जी आमरी मातीत वाढते तिची माती यानं चित्रातून काढून टाकली. लोकांनी विचारलं तर तो सांगे की माती परक्यांनी चोरून नेली, तुम्हाला माहीत नाही का? अशी गोष्ट सांगतात. मी कविता लिहितो म्हणून असेल, पण या चित्राची छापील प्रत पाहिल्यापासून कुंडीकडे माझं बघणंच पालटलं.

जपाननं हाच छंद उचलला आणि त्याला आपलं वळण दिलं. तिथं झाडावर वाढणारी एक बोटभर उंचीची पांढरी आमरी आहे, 'फूरान', म्हणजे वाऱ्याची आमरी. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात तोकुगावा इएनारी हा शोगुन राज्य करत होता. त्याला तिचं वेड लागलं, मग सरदारांना लागलं. त्यांना फुलापेक्षा पानाचं कौतुक. पानावर पांढरी रेघ आली, पान वाकडं झालं, मुळाचं टोक लालसर निघालं, की तिची वेगळी जात ठरायची. अशा निवडक रोपांना त्यांनी 'फूकिरान' हे नाव दिलं, श्रीमंत-घरंदाज आमरी. रोपावर सोन्या-चांदीच्या तारांची जाळी ठेवायचे आणि पाहणाऱ्यानं आपला श्वास पानाला लागू नये म्हणून तोंडावर कागद धरायचा, असं सांगतात. हा नाद थोरामोठ्यांचा खरा, पण त्यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. हे लोक फूरानला मातीत पुरत नव्हते. शेवाळाचा पोकळ उंचवटा करून त्यावर तिला बसवायचे, म्हणजे मुळांना हवा मिळे. आजही जपानात ती तशीच बसवतात.

ही एवढी साधी गोष्ट इंग्रजांना कळायला बरीच वर्षं लागली. आणि ती वर्षं आपल्या ईशान्येकडच्या डोंगरांना फार महाग पडली.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडातल्या धनिकांना उष्ण देशांतल्या आमरींचं वेड लागलं. जहाजांतून रोपं यायची, निम्मी वाटेतच मरायची. उरलेली काचघरात जायची. त्या काचघराला इंग्रज 'स्टोव्ह'च म्हणत, आणि ते नाव अगदी योग्य होतं. भट्टीची धग, खिडक्या बंद, भिंतींवरून पाणी ओघळतंय. समजूत अशी की जे हिंदुस्थानातून आलं ते उकाड्यातून आलं. जॉन लिंडलीसारख्या नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञानंही १८३० च्या सुमारास भरपूर उष्णता, भरपूर ओल आणि सावली असाच सल्ला दिला होता. रोपं वर्षा-दोन वर्षांत कुजून जात, मग नवी मागवत.

डेव्हनशरच्या सहाव्या ड्यूकनं तर १८३५ साली जॉन गिब्सन नावाच्या तरुण माळ्याला थेट आपल्याकडेच पाठवलं. तो चेरापुंजीला मुक्काम ठोकून राहिला, खासी टेकड्यांमधून आमरींच्या ढिगानं जाती गोळा केल्या आणि १८३७ मध्ये घेऊन गेला. लंडनच्या डॉक्टर वॉर्डनं नुकतीच शोधलेली बंदिस्त काचेची पेटी त्याच्या कामी आली. त्या पेटीत रोपाचंच बाष्प पुन्हा त्याला मिळतं आणि समुद्राचं खारं वारं आत शिरत नाही. ड्यूकचा बागप्रमुख जोसेफ पॅक्स्टन मोठा हुशार माणूस. त्यानं काचघराच्या खिडक्या उघडल्या, थंड जागेतल्या रोपांसाठी थंड घर वेगळं केलं आणि रोपं जगू लागली. पण त्याचं बघून सगळेच काही शहाणे झाले नाहीत.

१८५० साली जोसेफ हूकर खासी टेकड्यांत पोचला. तिथं बुटक्या ओकच्या रानात त्याला निळी वंदा दिसली. आकाशी निळी, हाताच्या तळव्याएवढी फुलं, उघड्यावर वाऱ्यात हलणारी. हूकरनं प्रवासवर्णनात नोंदवून ठेवलंय की हिला इथं ऊन मिळतं, मोकळा वारा मिळतो, हिवाळ्यात थंडीही मिळते, आणि आमचे माळी मात्र तिला दमट उष्ण घरात कोंडतात. इतकं अचूक निरीक्षण! आणि त्याच ठिकाणी तो हेही सांगतो की आम्ही क्यूच्या बागेसाठी तिची सात हमालांची ओझी गोळा केली, त्यातली फारच थोडी रोपं जिवंत पोचली. त्याच्याबरोबर आलेल्या एका गृहस्थाच्या माळ्यानं एक ओझं पाठवलं, ते अर्धमेल्या स्थितीत पोचूनसुद्धा तीनशे पौंडांना विकलं गेलं. पुढं हूकर हिशोब करतो की नीट लक्ष घालणारा माणूस एका हंगामात खासी आमरींवर दोन-तीन हजार पौंड सहज कमावेल.

मी हे पान वाचतो तेव्हा मला त्या सात हमालांचं काहीतरी वाटतं. त्यांची नावं पुस्तकात नाहीत. पाठीवर निळ्या फुलांची ओझी घेऊन ते डोंगर उतरले असतील आणि त्यांना कळतही नसेल की हे सारं मरायला चाललंय. हिशोब छापला गेल्यावर व्यापारी धावले यात नवल नाही. खासी टेकड्यांतली निळी वंदा ओरबाडली गेली ती गेलीच. स्वतंत्र भारतानं १९९१ मध्ये वन्यजीव कायद्यात दुरुस्ती करून तिला, लाल वंदेला आणि 'लेडीज स्लिपर' आमरींना संरक्षण दिलं, तोवर शंभराहून जास्त वर्षं उलटली होती.

आता मला आवडणारी गोष्ट. ती काचघरातली नाही, परसदारातली आहे.

सिंगापुरात तांजोंग पगार भागात जोआकिम नावाचं एक आर्मेनियन कुटुंब राहत होतं. त्यांची थोरली मुलगी ॲग्नेस, जन्म १८५४ चा. घरच्या मोठ्या बागेत तिचा जीव. सिंगापुरात तेव्हा दोन वंदा घरोघरी दिसत. एक मलायाच्या दलदलीतली, दुसरी आसाम-ब्रह्मदेशाकडची. काठीच्या आधारानं कुंपणावर चढवायच्या, काचघर नको, भट्टी नको. ॲग्नेसनं या दोघींचा संकर केला. बिया रुजल्या आणि त्यातून एकच रोप हाती लागलं. त्याला गुलाबी-जांभळं फूल आलं तेव्हा ती ते घेऊन सिंगापूरच्या वनस्पती उद्यानाचे संचालक हेन्री रिडली यांच्याकडे गेली. रिडलींनी १८९३ मध्ये लंडनच्या नियतकालिकात त्याचं वर्णन छापलं आणि स्पष्ट लिहिलं की हा संकर मिस जोआकिम यांनी घडवला. फुलाचं नाव ठेवलं 'व्हँडा मिस जोआकिम'.

१८९९ च्या पुष्पप्रदर्शनात तिच्या फुलाला दुर्मीळ आमरीचं पहिलं बक्षीस मिळालं आणि त्याच वर्षी जुलैमध्ये ती वारली. वय अवघं पंचेचाळीस. पुढं मात्र शंका काढणारे निघाले. म्हणे फूल आपोआप जन्मलं असेल, मधमाशीनं केलं असेल, या बाईला ते बागेत नुसतं सापडलं. रिडलींचं लेखी म्हणणं समोर असताना हा वाद कित्येक दशकं चालला. बाईनं स्वयंपाकघराच्या मागं काही शोधून काढलं तर त्याचं श्रेय माशीला द्यायलाही लोक तयार असतात! १९८१ साली सिंगापूरनं हेच फूल राष्ट्रीय फूल म्हणून निवडलं, आणि २०१६ मध्ये तिथल्या राष्ट्रीय वारसा मंडळानं संकराचं श्रेय ॲग्नेसला दिलं. वनस्पतिशास्त्रज्ञांनी मधल्या काळात या वंदेचं कूळ बदललं, तरी लोकांच्या तोंडी जुनं नावच आहे. दांडीचा तुकडा तोडून लावला की ती वाढते. त्यामुळे जगभरच्या कुंपणांवरच्या या वेली त्या एका रोपाचीच लेकरं.

ॲग्नेसला एकच रोप का मिळालं असेल? आमरीच्या एका शेंगेत लाखोंनी बिया असतात, पण त्या धुळीसारख्या. आंब्याच्या कोयीत किंवा हरभऱ्यात कोंबासाठी शिदोरी बांधून दिलेली असते, तशी आमरीच्या बीजात नसते. अशा बियांतून रोप उगवावं कसं, हे कोडं बागवानांना सुटत नव्हतं. जॉन डॉमिनी या इंग्लिश माळ्यानं मुद्दाम केलेल्या पहिल्या संकराला १८५६ मध्ये फूल आणलं होतं. त्याच्या दोन्ही आमरी आशियातल्याच, आणि त्यातली एक आपल्या सह्याद्रीतही सापडते. पण त्याचंही बरंचसं काम नशिबावर चाले. ॲग्नेस वारली त्याच १८९९ साली नोएल बर्नार या तरुण फ्रेंच शास्त्रज्ञाला उलगडा झाला: रुजताना एक बुरशी त्या बीजाला अन्न पुरवते. आणि १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नडसननं बुरशीशिवाय बाटलीत साखर घातलेल्या खिरीसारख्या थरावर बिया रुजवून दाखवल्या. १९६० मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज मोरेलनं आमरीच्या कोंबाच्या टोकाचा इवला तुकडा घेऊन त्यापासून नवी रोपं करून दाखवली. ड्यूकच्या काचघरातली मिजास उतरली ती या बाटलीनं. जंगल न ओरबाडता एका शेंगेतून हजारो रोपं मिळू लागली.

या बाटलीचा फायदा थायलंडनं घेतला. तिथंही महायुद्धाआधी आमरी हा राजघराण्याचा आणि धनिकांचा शौक होता. राफी सागरिक या कृषिशास्त्रज्ञानं तो सामान्य माणसाच्या अंगणात आणला. १९२२ साली जन्मलेले हे गृहस्थ २०१८ मध्ये गेले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की ही वनस्पती आपल्या हवेची आहे, तिला महाल कशाला हवा? आमच्या फुलवाल्याच्या दुकानातली जांभळी दांडी बँकॉकहून येते त्यामागं ही गोष्ट आहे. आणि 'आपल्याकडे नाही होत' म्हणणाऱ्याला कुणी सांगावं की फादर सांतापाव आणि कपाडिया यांचं 'द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे' हे आख्खं पुस्तक १९६६ साली निघालेलं आहे, आणि आसामात बिहूला नाचणाऱ्या मुली केसांत जे 'कोपौ फूल' माळतात ते आपल्या सीतेच्या वेणीहून वेगळं नाही.

इथं माझाही गुन्हा कबूल करून टाकतो. बी.ए.ला असताना मित्रांबरोबर आंबोलीला गेलो होतो. परतताना घाटात एका झाडावर सीतेची वेणी दिसली. फुलं नव्हती, पण पानांवरून ओळखली. आजीची आठवण आली, आणि आजीनं जे जन्मभर कुणाला करू दिलं नाही तेच मी केलं. खेचून काढली. मुळं तुटल्याचा चर्र आवाज अजून कानात आहे. घरी आणून मोठ्या मायेनं कुंडीत पुरली, वर शेणखत घातलं, रोज सकाळ-संध्याकाळ पाणी. दोन महिन्यांत बुडाकडून काळी पडली आणि हातात आली. इंग्रजांनी जे शंभर वर्षं केलं ते मी दोन महिन्यांत करून मोकळा झालो.

आता माझ्याकडे जी आहे ती बाटलीत जन्मलेली, रोपवाटिकेतून पावतीसकट आणलेली. रानातली आणायची नाही. कायद्यासाठी नाही म्हणत मी, त्या आवाजासाठी म्हणतोय. सागवानी पट्ट्यांची उघडी टोपली, तीत कोळशाचे आणि विटेचे चार तुकडे, थोडा नारळाचा काथ्या. माती चिमूटभरही नाही. सकाळचं कोवळं ऊन, वारा मोकळा. पाणी कधी घालायचं ते मूळच सांगतं. मुळावर स्पंजासारखं एक आवरण असतं, ते कोरडं झालं की चांदीसारखं पांढरं दिसतं, पाणी पडलं की पाहता पाहता हिरवं होतं. चांदी दिसली की पाणी, हिरवं असेल तर हात मागं. उन्हाळ्यात रोज, थंडीत दोन-तीन दिवसांआड, पावसाळ्यात आभाळावर सोपवायचं. शिंपडलेलं पाणी रात्री शेंड्यात साठू द्यायचं नाही, नाहीतर शेंडा कुजतो. पंधरवड्यातून एकदा अगदी पातळ खत. बाकी वाट बघायची. लहान रोपाला फूल यायला चार-पाच वर्षंही लागतात आणि या काळात घरातले लोक तुम्हाला वेड्यात काढतात.

मला सहाव्या वर्षी फूल आलं, जूनच्या पहिल्या आठवड्यात. एकच वेणी, वीतभर. बायकोनं पाहिलं आणि म्हणाली, "एवढीशीच?"

तिची मुळं टोपलीत मावत नाहीत. ती बाहेर पडून गॅलरीच्या गजांना चिकटली आहेत, इतकी घट्ट की टोपली आता हलवता येत नाही. गेल्या दिवाळीत रंगारी आला, त्यानं सगळ्या गजांना काळा रंग दिला. ते दोन गज मात्र तसेच गंजके ठेवायला लावले.